तलावापलीकडचा दुपट्टा

माह्यं गाव इथून लय दूर आहे ताई, गडचिरोलीच्याही खाली, प्राणहितेच्या काठावर, इकडे आपलं महाराष्ट्र अन नदीच्या त्या तीरावर तेलंगणा. आम्ही ढिवर लोकं, बाप डोंगा चालवे. सकाळपासून या काठची माणसं त्या काठाले अन त्या काठची या काठाले, हाच त्याचा धंदा. पूल नव्हता तेव्हा, आता झाला, आता डोंगा कोणी विचारत नाही. तर काय सांगू तुम्हाले, डोंगा पलीकडे असला अन माणूस अलीकडे उभा असला म्हणजे हाक मारा लागे, अन नदी केवढी, उन्हाळ्यातही पात्र मोठं. नवीन माणूस ये, गळा ताणून चिल्लावे, मानेच्या शिरा फुगत, तोंड लाल होऊन जाये, अन बाप तिकडे आरामात बिडी पिऊन राहिला, त्याले काही पत्ताच नाही. मंग माही आई घरातून बाहेर निघे. ती चिल्लावत नसे. हात खाली सोडे, खांदे ढिल्ले, जांभई आल्यासारखा गळा मोकळा, अन पोटातून एकच लांब होऽऽऽ. जवळ उभं राहाल तर म्हणाल हे तर काही मोठ्यानं नाही. पण तिकडे बापाची मान वळे, बिडी फेके अन डोंगा सोडे.

आई म्हणे, गळ्यातून मारलेली हाक आपल्यापाशीच पडते. अन एकदा सोडली का सोडली, पोचली का नाही पोचली याची काळजी गळ्यात नाही ठेवायची, नाही तर तिचा शेवट आवळते. हे शेवटचं मी ऐकलं होतं पण समजलं नव्हतं, अजूनही पुरतं समजलं का नाही मले माहीत नाही.

शाळा म्हणाल तर गावात चौथीपर्यंत होती. पाचवीले आश्रमशाळेत टाकलं, तिथं काही टिकलो नाही, रडून रडून परत आलो. घाबरट आहे मी पहिल्यापासून. बोर्ड वाचता येते, सही करता येते, बस. म्हणून तुम्ही लिहून राहिल्या हे बरं आहे, फक्त कोणाले वाईट वाटन असं काही लिहू नका. नाही तर लिहा बावा, मले नाही समजत. ज्याच्याबद्दल सांगून राहिलो त्यालेही माहीत आहे मी त्याच्यावर जळतो. माह्या बायकोले माहीत आहे. माईले माहीत आहे, ती कोण ते पुढे सांगतो. लपवण्यासारखं काही राहिलंच नाही.

तर मामा नागपूरले इतवारीत हातगाडी लोटे, त्याच्यासंग मी आलो. भांड्याच्या दुकानाचा माल, पराती, गंज, घागरी, असा ढीगच्या ढीग गाडीवर, अन गल्ली म्हणजे काय, टेम्पो, स्कूटर, गाय, माल पाहत उभ्या बाया. मामा बाजूऽ बाजूऽ करून घसा बसवून घे. मी आईसारखं करे, खांदे सोडून, सरका होऽऽऽ. मजा अशी का गाडीच्या पुढचा माणूस सरकत नसे, गल्लीच्या त्या टोकाचा सरके. मामा म्हणे, अबे इथल्याले सरकव न, त्याले सरकवून काय करतं.

त्याच गल्लीत एक भांडे ठोकणारा कारागीर बसे. बँडवाल्यांचे बाजे लग्नात चेपले, कोणाच्या धक्क्यानं पडले, का त्याच्याकडून सरळ करून नेत. एक दिवस तिथं बँडचे वामन मास्तर बसले होते, त्यांच्या बँडमधला मोठा बाजा, जो छातीशी धरून वाजवतात, तो ठोकाले आणला होता. कारागीर पितळेवर हातोडी मारून राहिला, आजूबाजूलेही तेच काम, ठणठण ठणठण. मी गाडी घेऊन जवळ आलो तसे मास्तर म्हणाले, अबे इकडे ये. मले वाटलं गाडी लागली कोणाले. म्हणे तू आत्ता कुठून ओरडला? म्हटलं तिकडून, वळणावरून. म्हणे इथं हा हातोडी मारून राहिला अन त्याच्यातून तुहा आवाज माह्या कानात आला, तुले कोणी शिकवलं? म्हटलं कोणी नाही, आईचं ऐकून. म्हणे काही वाजवतं का? म्हटलं नाही. म्हणे वाजवशील.

असं माह्यं नशीब उघडलं ताई. मास्तरांचं घर सक्करदऱ्याले, तलावाच्या जवळ. घरात गेलं का समोर बुद्धाची मूर्ती, बाजूले बाबासाहेबांचा फोटो, त्याच्याखाली मास्तरांच्या वडिलांचा, दीक्षेच्या वेळेस ते गर्दीत होते हे मास्तर आल्या-गेल्याले सांगत. बाज्यांच्या खोलीत मले झोपाले जागा दिली, हातात ट्रम्पेट देऊन वाजवाले शिकवलं. माईनं, म्हणजे मास्तरांच्या बायकोनं, मले पहिल्याच दिवशी विचारलं, तिखट चालते का बाबू? अन तेव्हापासून ते घर माह्यं झालं. माह्यं लग्न माईनंच जमवलं, बायको पाहाले माईच गेली. आता अशा माणसांपाशी कोण्या तोंडानं काही मागावं? मी नाही मागितलं कधी. हेच सारं भोवलं, सांगतो.

आमच्या बँडमध्ये एक रीत आहे, ती तुम्हाले दुसऱ्या कोण्या बँडमध्ये नाही भेटणार, मास्तरांची आहे ती. मास्तर म्हणत, लग्नात बँड जवळून साऱ्यांचाच मोठा वाटते, नवरदेवाच्या घोड्याले विचारा. पण आवाज कोणाले म्हणायचं, तर चार गल्ल्या सोडून गच्चीवर पापड वाळत घालणारी बाई थांबली पाहिजे, तिनं म्हटलं पाहिजे, कोणाचं तरी लग्न निघालं वं. म्हणून रविवारी सकाळी, गाड्यांचा कल्ला सुरू व्हायच्या पहिले, सारे तलावाच्या पाळीवर जातात. तिथं एक जुनी पंपाची खोली आहे. वाजवणारे तिच्या मागं उभे राहतात. एक माणूस तलावाला वळसा घालून त्या काठाले जाते, खांद्यावर लाल दुपट्टा घेऊन. मास्तर खोलीच्या कोपऱ्यापाशी खुर्ची टाकून बसतात, तिथून त्यांना दोन्हीकडचं दिसते, अन बोटानं सांगतात कोणी वाजवायचं. एकानं एकच लांब सूर वाजवायचा. पलीकडच्याले दिसत नाही कोण वाजवून राहिलं. त्याच्यापर्यंत सूर अख्खा आला, म्हणजे सुरुवात, मधलं अन शेवट, सारं आलं, तर त्यानं दुपट्टा वर करायचा. नाही तर खांद्यावर राहू द्यायचा. भावाची, मित्राची बाजू घ्यायची सोयच नाही, कारण माहीतच नाही कोण आहे.

अन ज्याच्यासाठी दुपट्टा उचलला त्याले हाक भेटते. म्हणजे वरात निघायच्या पहिले, ढोल नाही, ताशा नाही, सारे गुपचूप, अन एकटा ट्रम्पेटवाला एक लांब सूर सोडते, त्याले मास्तर हाक म्हणतात. आमच्या नदीवरचा हा शब्द मास्तरांच्या तोंडी आधीपासून होता, मी नाही दिला. तो सूर संपला का मंग धूमधडाका. मास्तरांचे खरे दात होते तोवर हाक त्यांचीच, मी ऐकली आहे ती. कवळी बसली अन ट्रम्पेट सुटला, दाताशिवाय ट्रम्पेट होत नाही. मंग दोघांसाठी दुपट्टा उचलला गेला, एक पोलिसांच्या बँडमध्ये लागला, एक सुरतेले गेला. तेव्हापासून हाकेशिवायच आमचा बँड निघे. आता डीजेच्या जमान्यात कोणाले फरक पडते म्हणा, पण मास्तर प्रत्येक लग्नात त्या वेळेस दुसरीकडे पाहत.

आता त्या काठाले कोण जाये? मी. पहिल्या रविवारपासून मीच. मास्तर म्हणाले याचा कान नदीवरचा आहे, अन मी खुशीनं गेलो. तिथून ऐकून ऐकून मले समजाले लागलं कोणाचा सूर काहून पडते. परत येऊन मी सांगे, तुहा सूर अर्ध्या पाण्यात पडला, तू गाल फुगवून राहिला. तुहा आवाज पातळ आला, माउथपीस ओठावर दाबून राहिला, ढिल्ला धर. तू सुरुवातीलेच सारी हवा देऊन टाकली, मागे काय उरन? हळूहळू शिकवणंच माह्याकडे आलं. पोट्ट्यांना उताणं झोपवून पोटावर वीट ठेवायची, श्वासानं वीट वर गेली पाहिजे, छाती हलली नाही पाहिजे. कमरेले दुपट्टा आवळून बांधायचा अन श्वास घेऊन तो चारही बाजूंनी ताणायचा, पाठीकडूनही. आधी तोंडानं गायचं, मंग वाजवायचं. अन महिनाभर मोठ्यानं वाजवायचंच नाही, बारीक आवाजात लांब लांब सूर, कारण बारीक आवाज ज्याचा भरीव झाला त्याचाच मोठा आवाज भरीव होते. नवीन पोट्ट्यांना हे पटत नाही, त्यांना वाटते जोर म्हणजेच आवाज.

हे सारं मी केलं ताई. पण माह्या स्वतःचा ट्रम्पेट दुसऱ्या ओळीत. माह्यासाठी दुपट्टा कोण उचलंन? उचलणारा तर मीच. मास्तरांच्या गुडघ्यांनी तलावाला वळसा होत नाही, अन बाकी कोणाच्या कानावर मास्तरांचा भरोसा नाही. म्हणून मी कधी भिंतीमागं उभाच नाही राहिलो. ज्याच्यासाठी दुपट्टा उचलला त्याच्यावर मी जळलो, दोघांवरही जळलो, पण ते निघून गेले तर जळणंही गेलं.

मंग दिनेश आला.

दिनेश कोराडीचा. तिथल्या पॉवर हाऊसमध्ये ठेकेदाराकडे कामाले, आयटीआय झालेला, माह्याहून थोडाच लहान. बसनं ये, कपड्यांवर राख. तो पहिल्या दिवशी वाजवाले उभा राहिला अन बाजूच्या पोट्ट्यानं कानावर हात ठेवला, असा जोर. मी म्हटलं, भाऊ, हा ट्रम्पेट आहे का कोळशाच्या ट्रकचा हॉर्न? सारे हसले, तोही हसला. म्हणे दादा, आमच्याकडे ट्रकलेही हॉर्न मारूनच सरकवा लागते. मले वाटलं होतं चिडन. चिडला नाही. त्याचं हेच आहे, चिडत नाही, म्हणून मले धड भांडताही नाही येत.

अन मास्तरांचा जीव जडला त्याच्यावर. मले इतकी वर्षं लहान्या, अबे लहान्या. याले आल्या आल्या बेटा. बेटा बस, बेटा पाणी पी, बेटा बस भेटली का वेळेवर. माई रविवारी साऱ्यांसाठी तर्री-पोहे करते, वरून चण्याचा तिखट रस्सा, तर याच्या पोह्यावर तर्री जास्त. मी पाहिलं न डोळ्यानं. घरी आल्यावर बायकोले सांगितलं तर म्हणते, अवो तुम्हीच म्हणता न पोट दुखते, म्हणून माईनं तुम्हाले कमी दिली असंन. म्हटलं तुले काय समजते वं. म्हणे मले इतकंच समजते का तुम्ही जळून राहिले, अन तर्री पाहून जळणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

पण तर्रीचं जाऊ द्या. मास्तरांचा स्वतःचा माउथपीस होता, चांदीचं पाणी दिलेला, त्यांच्या उस्तादानं दिलेला. ट्रम्पेट सुटल्यावर तो त्यांनी मखमलीच्या थैलीत ठेवला. दर रविवारी थैलीतून काढून तो साफ कराचं काम माह्यं. मी साफ केला, कोरडा केला, परत ठेवला, ओठाले कधी लावला नाही. देवाची वस्तू लावते का कोणी? अन एक दिवस मास्तरांनी तो थैलीतून काढला अन दिनेशच्या हातात दिला, म्हणे याच्यावर वाजवून पाहा बेटा, तुह्या ओठाले हा बसन. त्यानं लगेच ओठाले लावला. मी समोर बसलो होतो, हातात तोच पुसायचा कपडा.

वरून मास्तर म्हणाले, लहान्या, याच्यात हाक आहे, पण अजून आत आहे. तू काढ. तुह्याशिवाय कोणी नाही काढणार.

आता काय करावं? नाही म्हणता येत नाही. अन वाईट शिकवणंही जमत नाही, ते माह्याच्यानं होतच नाही, पोट्टा खांदे उचलून राहिला हे दिसलं का माहा हात आपोआप त्याच्या खांद्यावर जाते. मी दिनेशले उताणं झोपवलं, पोटावर वीट ठेवली. त्याले हसू येई, हसला का वीट पडे. मी म्हटलं हसू नको बे. म्हणे दादा, तुमचं तोंड पाहून येते, तुम्ही असे बसले जसं मी मेलो. विचारे, दादा मी इतका जोर लावतो तरी तिकडे काहून नाही पोचत? मी म्हटलं, जोरच मधात येऊन राहिला. जांभई दे. म्हणे काय? म्हटलं जांभई दे, खरी दे, अन तो गळा तसाच ठेव अन जशी थंड काचेवर वाफ सोडतो तशी हवा सोड. त्यानं तसं केलं, अन ताई, एका क्षणापुरतं त्याच्या ट्रम्पेटमधून असं काही निघालं का माह्या अंगावर काटा आला. मी म्हटलं, नाही, अजून नाही, पुन्हा कर. खरंच अजून नव्हतं, पण येणार होतं. ते त्याले नव्हतं माहीत, मले होतं.

तो सुटीच्या दिवशी घरचा डबा आणे, त्याच्या आईच्या हातचा, मले अर्धा देई. त्याचाही मले राग ये, का याची आई बसच्या अंतरावर आहे. माही आई तिकडे, फोनवर बोलते तर नदीपलीकडे हाक मारल्यासारखी बोलते, फोनचा आवाज फाटून जाते, मले अर्धं समजत नाही. तिनं माहा ट्रम्पेट कधी ऐकला नाही.

तर रविवारमागून रविवार मी त्या काठाले जाऊन उभा राहे. सूर येत, मी प्रत्येकाले ओळखे, हा अमका, हा तमका. दिनेशचा आला का मले लगेच समजे, सुरुवात जोरात, मधात फाटलेला, शेवट नाहीच. दुपट्टा खांद्यावरच राहे, अन ईमानानं राहे. काय सांगू तुम्हाले, ईमानानं खुश व्हायची ती मजाच वेगळी. माह्या मनात काही पाप नाही, सूर पोचलाच नाही तर मी काय करू? परत येताना मी तलावाला वळसा घालत चालत ये, पोहे खाले.

अन मंग तो रविवार. थंडीचे दिवस होते, पाण्यावर धुकं. चार-पाच जणांचे सूर आले, गेले. मंग बराच वेळ काही नाही. मले वाटलं झालं, निघावं आता. तेवढ्यात एक सूर आला. कुठून सुरू झाला हेच समजलं नाही, जसं कोणी पाण्यावरून चालत येऊन बाजूले बसावं अन आपल्याले उशिरा लक्षात यावं. मोठा नव्हता. भरलेला होता. मधात कुठं हलला नाही, अन शेवट असा झाला जसं कोणी हात हळूच काढून घेते. मी तो सूर ओळखला. मी म्हटलं, हे मास्तर आहे. मास्तरांनी आज ट्रम्पेट उचलला, कवळीनं का बिनकवळीनं माहीत नाही, पण उचलला, अन मी जिवंत असताना पुन्हा एकदा वाजवलं. माहे डोळे भरून आले. मी दुपट्टा दोन्ही हातांनी वर केला, जितका वर जाईन तितका, अन तसाच धरून धावलो, पुरा वळसा, धापा टाकत.

खोलीमागं पोहोचलो तर मास्तर खुर्चीवर बसले होते, कवळी तोंडात, हात मांडीवर. अन सारे दिनेशच्या गळ्यात पडून राहिले होते.

मी तिथं उभा राहिलो, दुपट्टा वर धरलेला तो खाली कराचंही सुचलं नाही. मास्तर म्हणाले, उचलला न बे लहान्या? म्हटलं उचलला मास्तर. म्हणे दोन्ही हातानं उचलला, मी पाहिलं, असा तू कोणासाठीच नाही उचलला. म्हटलं हो. काय सांगणार होतो? दिनेश आला अन माह्या पायाले हात लावला. माईनं सगळ्यांच्या पोह्यावर भरभरून तर्री टाकली, मले जास्त टाकली त्या दिवशी, अन मी ती प्लेटीत तशीच ठेवली.

नंतर एका लग्नाचं काम लागलं इतवारीतच, भांड्याच्या गल्लीतून वरात. मी दुसऱ्या ओळीत. सारे गुपचूप झाले अन दिनेशनं हाक सोडली. तुम्हाले सांगतो, ठोकणाऱ्या कारागिराची हातोडी थांबली. वरच्या मजल्यावरून एक बाई वाकली. गल्लीच्या त्या टोकाले एक हातगाडीवाला होता, त्यानं गाडी आपोआप बाजूले घेतली. मास्तर ऑटोत बसून होते, त्यांनी दुसरीकडे नाही पाहिलं, सरळ दिनेशकडे पाहिलं. अन मी मागून त्याची पाठ पाहून राहिलो, खांदे कसे ढिल्ले, श्वास कसा पाठीत भरला, सारं माह्यंच ठेवलेलं. मले कसं वाटलं विचारू नका. आपल्या हातानं शिवलेला कोट दुसऱ्याच्या अंगावर चांगला दिसून राहिला, असं. अन आपल्या अंगात थंडी.

दुसऱ्या रविवारी दुपट्टा घेऊन मी निघालो तर दिनेशनं तो माह्या खांद्यावरून काढून घेतला. म्हणे दादा, आज तुम्ही इकडे राहा, मी तिकडे जातो. मी म्हटलं तुले कान नाही बे. म्हणे तुम्हीच तर बनवला, इतके दिवस तुम्ही सांगत होते ते मी काय ऐकत नव्हतो? मी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर म्हणाले, लहान्या, तुले वाजवायचं होतं का? म्हटलं हो मास्तर. म्हणे तर मंग इतकी वर्षं काहून नाही बोलला? मले वाटलं तुले तिकडे उभं राहणंच आवडते. दर रविवारी तूच पहिले दुपट्टा उचलून निघत होता.

माई तिथंच डबा घेऊन उभी होती. ती म्हणाली, तुम्हीही विचारलं नाही अन तोही बोलला नाही, बरी जोडी आहे.

दिनेशनं जायच्या पहिले स्वतःच्या ट्रम्पेटमधून तो माउथपीस काढला, शर्टानं पुसला, नीट नाही पुसला, मले पुन्हा पुसा लागला, अन माह्या हातात दिला. मी मास्तरांना विचारलं, लावू का? मास्तर म्हणाले, लाव न बे, आता कोणाची वाट पाहतं.

भिंतीमागं किती अंधारल्यासारखं वाटते ताई, मले माहीतच नव्हतं. पलीकडचं काही दिसत नाही. पोट्टे कसे उभे राहत असतीन असं वाटलं. मास्तरांनी आधी दुसऱ्या दोघांना बोट दाखवलं, मंग मले. मी खांदे सोडले, जांभईसारखा गळा केला, पोटातून हवा घेतली, आईले आठवलं अन सोडला. निघाला चांगला. मधातही चांगला होता. पण मास्तरांची मान पलीकडे वळलेली होती, अन माह्या डोक्यात आलं, पोचला का, उचलला का, अन तेवढ्यात गळा आवळला, शेवट गेला. मले स्वतःले समजलं. तरी मी मास्तरांकडे पाहिलं, आशा असते न. मास्तरांनी मान हलवली. नाही.

मले असा राग आला. म्हटलं याच्यासाठी मी दोन्ही हातानं उचलला अन यानं माह्यासाठी एक हात नाही उचलला. म्हटलं याले काय समजते, राखेनं कान भरलेले. दिनेश वळसा घालून आला, माह्यासमोर उभा राहिला, अन म्हणाला, दादा, आला होता. सुरुवात आली, मधलंही आलं. शेवटचा तुकडा पाण्यात पडला. अगदी मी सांगतो तसं सांगितलं, त्याच शब्दात. म्हणे वाईट वाटलं का? म्हटलं नाही. म्हणे तुमचं तोंड तर तसं नाही सांगत. मी पोह्याची प्लेट घेतली.

पण घरी आल्यावर मी विचार केला. त्यानं खुशी करासाठी उचलला असता तर? मी जन्मभर विचार करत बसलो असतो, खरा का खोटा. आता निदान हे माहीत आहे का तो उचलंन तेव्हा खराच उचलंन. बायकोले हे सांगितलं तर म्हणते, म्हणजे आता जळणं बंद? म्हटलं तसं कोणी म्हटलं.

नाही झालं बंद. लग्नात हाक तोच देते. मास्तर त्याले अजूनही बेटा म्हणतात अन मले लहान्या. फक्त माउथपीस रविवारी माह्याकडे असते, बाकी दिवस त्याच्याकडे, असं मास्तरांनी ठरवून दिलं. परवा आईले फोनवर विचारलं, शेवट कसा सांभाळते वं आई? ती तिकडून ओरडली, शेवट सांभाळाचा नसते बापू, तो आपोआप जाते, तू त्याच्या मागं नको जाऊ. या वेळेस फोनवरचा शब्द न शब्द ऐकू आला.

आता दर रविवारी दिनेश कोराडीहून पहाटेची बस धरून येते, दुपट्टा घेते अन तलावाला वळसा घालते, माह्यासाठी. मी भिंतीमागं उभा राहतो. अजून दुपट्टा वर नाही झाला. मास्तरांना उदंड आयुष्य भेटो, माईच्या हाताले बरकत राहो. अन त्या पोट्ट्याच्या कानाले काही होऊ नये, कोळशानं नाही, राखेनं नाही, थंडीनं नाही. त्याचे दात जाऊ दे, तेही चालंन, पण कान शाबूत राहू दे. मले अजून त्याची गरज आहे. जळणं माह्यं मी पाहून घेईन.